राजर्षी शाहू महाराज आणि मुक्कामाचा प्रश्न



26 जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती. दरवर्षी आपण त्या महिन्याच्या वंदनेला महाराजांच्या फोटोला हार घालतो, कुणीतरी आरक्षण आणि माणगाव परिषद यावर पाच मिनिटे बोलतो आणि मग जेवणाच्या रांगेत उभे राहतो. यंदा अंकासाठी लिहायची पाळी माझी आली. सेवाप्रकल्प समितीचे कामही यंदा माझ्याकडेच आहे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अशा गुंतल्या की एक सांगताना दुसरी टाळता येईना.

झाले असे. गेल्या हिवाळ्यात आपण महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या शाळेला वीस टॅब्लेट आणि एक स्मार्ट बोर्ड द्यायचे ठरवले. कल्पना माझीच. एक्सेलमध्ये खर्च मांडला, झूमवर सादर केला, सगळ्यांनी मान डोलावली, पैसेही बऱ्यापैकी जमले. मग शाळेतल्या एका बाईंशी पहिल्यांदा फोनवर बोललो. त्यांनी आभार मानले आणि जाता जाता सांगितले, की सातवीनंतर वस्तीतल्या बहुतेक मुलींची शाळाच सुटते. हायस्कूल पुढच्या गावाला, आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही. टॅब्लेट सातवीपर्यंतच्या वर्गात राहणार होते. मी चार महिने नियोजन केले होते आणि हा एक प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. माझा पगार ज्या कामाचा आहे त्यात गिऱ्हाइकाची गरज आधी समजून घेणे ही पहिली पायरी असते, हे इथे मुद्दाम कबूल करतो.

त्या आठवड्यात महाराजांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. या वेळी वाचताना एकच गोष्ट शोधत होतो: या माणसाला लोकांना नेमके काय हवे ते कळायचे कसे?

महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, नाव यशवंतराव. जन्म 26 जून 1874. लहानपणीच आईचे छत्र गेले. 17 मार्च 1884 रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. मग शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, पुढे धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. 2 एप्रिल 1894 रोजी राज्याची सूत्रे हातात आली तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. राज्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास.

लवकरच ते राज्याच्या दौऱ्यावर निघाले. राजे दौरे करतातच, त्यात नवल नाही. पण महाराजांचा हा फिरण्याचा स्वभाव शेवटपर्यंत टिकला. शिकारीच्या निमित्ताने रानात राहायचे, धनगरांच्या, फासेपारध्यांच्या, शेतकऱ्यांच्या बरोबर बसायचे. कोल्हापूरबाहेर सोनतळीला त्यांचा कॅम्प असे आणि तिथे गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस थेट त्यांच्यापुढे उभा राहू शकत असे. शिकारीची हौस मला स्वतःला आवडत नाही. पण दप्तरातल्या कागदावर जे येत नाही ते त्यांच्या कानावर याच भटकंतीत पडले, हे मान्य करावे लागते.

कागदही ते सोडत नव्हते. गादीवर आले त्या वर्षी दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. खासगीकडच्या 53 जागांपैकी 46 त्याच एका जातीकडे. बहुजन समाजातून माणसे का येत नाहीत, हा त्यावरचा साहजिक प्रश्न. उत्तर मिळे की त्यांच्यात शिकलेले नाहीत. शिकलेले का नाहीत? कोल्हापुरात शाळा होती, हायस्कूल होते, राजाराम कॉलेज होते. दार तर उघडे होते.

इथे महाराजांनी पहिला उपाय केला आणि तो फसला. जयंतीच्या भाषणात हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. 1896 मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. नियमाप्रमाणे कुणालाही प्रवेश होता. प्रत्यक्षात काही वर्षांत तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. व्यवस्था ज्यांच्या हातात होती ते त्याच समाजाचे, हे कारण चरित्रकार देतात. मला त्यात आणखी एक दिसते. जो मुलगा खेड्यातून शहरात पोहोचलाच नव्हता, ज्याच्या घरी वसतिगृह म्हणजे काय हेच माहीत नव्हते, तो अर्ज तरी कुठून करणार? सर्वांसाठी खुली असलेली जागा आधी त्यांच्याकडे जाते ज्यांना अर्ज करायचा कसा हे ठाऊक असते. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म कोणत्या भाषेत आहे, हे सहज आठवून पाहा.

त्याच सुमाराला 1896-97 चा दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्य, जनावरांच्या छावण्या, रस्त्यांची आणि विहिरींची कामे यांत काही वर्षे गेली. 1899 पासून वेदोक्त प्रकरण पेटले. त्याची कथा आपल्याला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. एवढेच, की राजाच्याही वाट्याला अपमान येऊ शकतो हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळले.

मुक्कामाच्या प्रश्नाला ते 1901 मध्ये पुन्हा भिडले. त्या काळचे खेड्यातले मूल डोळ्यापुढे आणा. चौथी-पाचवीपर्यंत गावात कसेबसे शिकले. पुढे कोल्हापूर. तिथे नातेवाईक नाही, आणि असलाच तर तो एका खोलीत राहणारा. ब्राह्मण मुलाला वार लावून जेवायची जुनी सोय होती, सात दिवस सात घरी. कुणब्याच्या मुलाला तशी सोय नाही, महाराच्या मुलाला तर कुणाच्या ओसरीवरही जागा नाही. फी माफ केली तरी हा मुलगा रात्री झोपणार कुठे आणि सकाळी खाणार काय? शाळा हवी होतीच, पण तिच्याआधी एक घोंगडे टाकण्यापुरती जागा आणि दोन वेळची भाकरी हवी होती.

माझे वडील वसतिगृहात राहून शिकलेले. त्यांना शाळेविषयी विचारा, ते गणिताच्या मास्तरांच्या आधी वसतिगृहाच्या पातळ आमटीविषयी बोलायला लागतात. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची.

18 एप्रिल 1901 रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी संस्था उभी राहिली. त्या समाजातून पुढाकार येईना तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मग लिंगायत. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्याला दिले. त्याच साली दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजाची वसतिगृहे. पुढे ख्रिस्ती, सारस्वत, कायस्थ प्रभू, ढोर-चांभार, नाभिक अशी यादी वाढत गेली. महाराजांच्या हयातीत कोल्हापुरात वीसहून अधिक वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकात गेलात तर त्यांतली बरीच आजही एकमेकांच्या शेजारी दिसतील, मधोमध महाराजांचा पुतळा.

जातवार वसतिगृहे का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि आपल्यासारख्या जातीअंताची भाषा करणाऱ्यांना तो आज टोचायलाच हवा. मलाही टोचतो. पण खुल्या वसतिगृहाचा अनुभव महाराजांच्या गाठीशी होता. वेगळ्या जातीच्या पंक्तीत मुलाला बसवायचे म्हटले तर आईबाप त्याला पाठवणारच नाहीत, हेही ते जाणून होते. आणि आपल्या जातीच्या नावाचे वसतिगृह निघाले की त्या समाजातले चार मातब्बर त्यासाठी जमीन, पैसा, वेळ देत. महाराजांनी जागा, इमारती, वार्षिक उत्पन्न दिले आणि कारभार त्या त्या समाजाच्या गळ्यात घातला. मला हा मार्ग पूर्ण पटत नाही. पण 1901 मध्ये मी तिथे असतो तर याहून चांगला कोणता सुचवला असता, याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. शाळेच्या बाबतीत मात्र त्यांनी हा भेद राहू दिला नाही. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. मुलगा कोल्हापुरात टिकेपर्यंत एक व्यवस्था, टिकल्यावर दुसरी, असा मी त्याचा अर्थ लावतो.

1902 मध्ये महाराज इंग्लंडला गेले असताना 26 जुलैचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. हे सर्वांना माहीत आहे. त्या हुकुमाचे शेवटचे कलम मात्र कमी लोकांनी वाचले असेल. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी दरबारला पाठवायचा होता. म्हणजे हुकूम काढून ते मोकळे झाले नाहीत, तो पाळला जातो की नाही हे मोजायची सोय त्याच कागदात करून ठेवली. आमच्या क्षेत्रात याला आता मोठमोठी नावे आहेत.

त्याच साली त्यांनी राज्यातल्या विहिरी आणि तळ्यांची पाहणी करवून घेतली, पाटबंधाऱ्यासाठी वेगळा अधिकारी नेमला. दुष्काळात अन्नछत्र चालवून झाले होते. पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून पाणी कुठे आहे आणि कुठे नाही ते आधी पाहायचे होते. यातून पुढे भोगावतीवरच्या राधानगरी धरणाची योजना आली. 1909 मध्ये बांधकाम सुरू झाले, 1918 मध्ये पैशांअभावी थांबले. महाराजांनी ते पुरे झालेले पाहिले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पूर्ण झाले.

1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी एक रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची कमाई, तेव्हा हा दंड हलका नव्हता.

1918 हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या वर्षी त्यांनी नवीन काही बांधण्याऐवजी गळ्यातले फास सोडवले. महार वतन रद्द केले. वतन म्हणजे गावकीची थोडीशी जमीन. तिच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामे करायची, मोबदल्याचा पत्ता नाही. जमिनीचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटले जाऊन वावभर उरले तरी चाकरी सगळ्यांच्या गळ्यात. महाराजांनी त्या जमिनी रयतावा करून ज्याच्या त्याच्या नावे केल्या. त्याच वर्षी हजेरीची पद्धत बंद केली. काही जातींच्या माणसांना गुन्हेगार समजून रोज गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. ज्याला रोज हजेरी द्यायची तो बाहेरगावी कामाला जाणार कसा? फासेपाऱध्यांना तर त्यांनी सोनतळीला वसवले, राखणीची नोकरी दिली. अशा माणसांपुढे शाळा किंवा कर्ज ठेवून काही उपयोग नव्हता. आधी त्यांचा पाय सुटायला हवा होता.

आता गंगाराम कांबळे. ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे, तरी मला ती पुन्हा सांगायची आहे, कारण या वेळी मला तिचा वेगळा भाग दिसला. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना जबर मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक हॉटेल निघाले. जागा होती, भांडी होती, चहा उत्तम होता. गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा पिणार कोण?

इथे बहुतेक दाते थांबतात. पैसे दिले, उद्घाटन झाले, फोटो निघाला. महाराजांनी चौकशी केली, की धंदा चालतो का. मग फिरायला निघाले की गाडी हॉटेलसमोर थांबवायची, गंगारामकडून चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायला लावायचा. राजाच्या देखत कप परत करायची कुणाची हिंमत होणार? गंगारामला भांडवलाइतकीच, किंबहुना जास्त, चहा पिणाऱ्या माणसाची गरज होती. ती महाराजांनी स्वतः भागवली. यात खर्च चहाच्या कपाचा.

शिकून तयार झालेल्या अस्पृश्य मुलांनाही पुढे हीच अडचण आली: नोकरी देणार कोण आणि धंद्याला गिऱ्हाईक कोण? म्हणून त्यांना तलाठी म्हणून नेमले, त्यासाठी शिक्षणाची सोय केली. काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. वसतिगृहातून निघालेली वाट कुठे अडते ते पाहत पाहत हे एकेक पाऊल पडत गेले असे दिसते.

त्यांच्या स्वतःच्या घरावर याच वर्षांत घाला पडला. 1918 मध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. सून इंदुमतीदेवी अजून लहान होती. महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवायला सुरुवात केली आणि एकटी पडू नये म्हणून बरोबरीच्या चार मुली तिच्यासोबत शिकायला ठेवल्या. शिक्षकाची नेमणूक कुणीही केली असती. त्या पोरीला मैत्रिणी लागतील, हे सासऱ्याला सुचले.

बाबासाहेबांची आणि त्यांची गाठ पडली ती अखेरच्या तीन वर्षांत. महाराज परळच्या चाळीत बाबासाहेबांना भेटायला स्वतः गेले. 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक सुरू झाले, त्याला महाराजांनी 2500 रुपये दिले. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी माणगावला परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब, आणि तिथे महाराजांनी जमलेल्या लोकांना तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे अशा अर्थाचे सांगितले. इतकी वर्षे अस्पृश्यांसाठी राबलेला राजा आता बाजूला सरकून त्यांच्यातल्याच माणसाकडे बोट दाखवत होता. त्यांना काय हवे ते आता त्यांनीच सांगावे, असा मी त्याचा अर्थ घेतो. दुसऱ्यासाठी काम करणाऱ्याला हे सर्वांत जड जाते, निदान मला तरी जाते.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय 47. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते. परत आल्यावर 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. सभेने सुरुवातीलाच हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह, 1925 च्या जानेवारीत सुरू झालेले. कोल्हापूरपासून ते काही फार लांब नव्हे.

आता आपल्या प्रकल्पाविषयी. टॅब्लेटची ऑर्डर मी थांबवली आहे. ज्यांनी त्यासाठी म्हणून पैसे दिले त्यांना वेगळे पत्र जाईल, आणि कुणाला रक्कम परत हवी असेल तर ती मिळेल. बाईंना मी विचारले, की सातवी झालेल्या मुलींच्या घरी जाऊन बोलता येईल का. मी माझ्याकडून चौदा प्रश्नांचा फॉर्म करून पाठवला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दोन संध्याकाळी वस्तीत जाऊन बसल्या. अकरा मुलींची नावे पाठवली आहेत, प्रत्येकीपुढे आईने काय सांगितले ते एका ओळीत. सहाजणींच्या पुढे परतीची गाडी आहे. तिघींच्या पुढे धाकटी भावंडे. एकीचे लग्न ठरते आहे. एकीच्या पुढे बाईंनी काहीच लिहिलेले नाही, तेवढे विचारायचे राहिले आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर ही यादी समितीपुढे ठेवतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी जेवणानंतर अर्धा तास थांबावे.